मला काही त्रास नाही, बाई

वराळ्यात बीपीचं मशीन घेऊन कुणाच्याही दारात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “मला काही त्रास नाही, बाई. ह्यांचं बघा.” ‘हे’ ओट्यावरच बसलेले असतात. ते म्हणतात, “मला काय धाड भरलीय? हिचंच बघा, हिचे गुडघे दुखतात.” मग दोघांचंही मोजावं लागतं. बऱ्याच वेळा आकडा वाढलेला निघतो तो ज्याचं काहीच दुखत नाही त्याचा.

मी जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका होते. गावाकडे आम्हाला नर्सबाई म्हणतात, आणि निवृत्त झाल्यावर त्यातली ‘बाई’ तेवढी शिल्लक राहते. नोकरीचा बराचसा काळ आंदर मावळात आणि नाणे मावळात गेला. आता सासरच्या गावी, वराळ्यात असते. हजेरीपट सुटला, पण मशीन घरात आहे आणि सवय अंगात, त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर चार माणसं येऊन बसतात. अधूनमधून आशाताईही हाक मारतात, “त्या आजी माझं ऐकत नाहीत, तुम्ही चला.” मी जाते. आजी माझंही लगेच ऐकत नाहीत, पण मी त्यांच्याकडे चहा पिते, हा फरक.

मी नोकरीला लागले तेव्हाचे आजार प्रामाणिक होते. हगवण, कावीळ, थंडीताप, खरूज. आला की सांगून यायचा, आणि माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात यायचा किंवा झोळीत घालून आणला जायचा. पाऊस सुरू झाला की आमचं निम्मं काम पाण्याचं असे. विहिरीत टीसीएल टाकायची, म्हणजे ब्लिचिंग पावडर, आणि मग ओटी टेस्ट करायची. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. बाया तक्रार करायच्या की पाण्याला वास मारतो, चहा बिघडतो. मी म्हणायचे, चहा बिघडू दे, पोट बिघडू नये. जुलाब लागलेल्या पोराला जलसंजीवनी पाजायची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे द्रावण किती मोठं आहे ते १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी दाखवून दिलं. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, कॉलऱ्याने माणसं मरत होती, तेव्हा पिंपातून हे मीठसाखरेचं पाणी पाजून त्यांनी मृत्यूंचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणलं.

आणि नारू. आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही, याहून चांगली बातमी नाही. पिण्याच्या पाण्यातल्या बारीक किड्यावाटे तो पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून हातभर पांढरा दोरा बाहेर यायचा. त्यावर ना लस होती ना खात्रीचं औषध. पाणी फडक्याने गाळून प्या, नारू बाहेर आलेला पाय विहिरीत बुडवू नका, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, हातपंपाचं पाणी वापरा, एवढ्या चार गोष्टींवर तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका फडक्याने एक रोग संपवला हे मी तेव्हाही अभिमानाने सांगायचे, आजही सांगते.

पाण्याचा विषय मिटला, असं मात्र कुणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली, काहींचे हातपाय लुळे पडले, काही व्हेंटिलेटरवर गेली. कारण शोधताना बोट गेलं ते पुन्हा दूषित पाण्याकडेच. नळाला पाणी येतं म्हणून ते शुद्ध असतं असं नाही. ओटी टेस्ट करणारा माणूस आजही लागतो.

पण आता माझ्या ओट्यावर येणाऱ्यांत जुलाबाचे थोडे. येतात ते बीपीवाले आणि शुगरवाले. यायला लागतात तेही कुणीतरी ढकलल्यावर.

गाव कसं बदललं ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. वराळ्याच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला तळेगाव. मी लग्न होऊन आले तेव्हा जिकडेतिकडे भातखाचरं होती. चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. दिवसभर माणूस वाकलेला किंवा चालत असायचा. तळेगावच्या बाजाराला लोक डोक्यावर ओझं घेऊन पायी जात. मग आंबी, नवलाख उंबरे, मंगरूळच्या बाजूला एमआयडीसी आली, शिक्षणसंस्था आल्या, पोरांना राहायला खोल्या लागल्या, सोसायट्या उठल्या. कुणी गुंठे विकले, कुणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. याबद्दल नाक मुरडायचं मला कारण नाही, आमच्या घरातही कंपनीचा पगार येतो. पण हिशेब बघा. सकाळी कंपनीची बस फाट्यावर येते, फाट्यापर्यंत मोटारसायकल. कंपनीत मशीनपुढे उभं राहायचं किंवा स्क्रीनपुढे बसायचं. कॅन्टीनचं जेवण, मध्ये वडापाव, रात्रपाळी असेल तर पहाटे चहा-बिस्किटं आणि दिवसा झोप. जे राहिलंय ते शेत पॉवर टिलरने चिखलतं. बापाचा दिवस कष्टाचा होता, मुलाचा दिवस दगदगीचा आहे. कष्टाने शुगर जिरते, दगदगीने वाढते.

आता कुणी म्हणेल, बैठं काम तर जगभर वाढलं, मग आमच्याच पोरांना तिशी-पस्तिशीत शुगर का? याचं उत्तर शोधायला लंडनला जायला नको, ते आपल्या पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायांचा, त्यांच्या गरोदरपणाच्या आधीपासून, आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या मुलांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं किडकिडीत, हे दिसतच होतं. पण बारकाईने मोजल्यावर निघालं ते वेगळंच. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास त्या गोऱ्या बाळांएवढीच. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार.

याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तान्ह्या पोरांचं वजन करण्याचे दिवस आठवले. झोळीच्या काट्यावर बाळ अडीच किलो भरलं की आई खूष, आजी खूष, आम्ही खूष. तेव्हा तेच बरोबर होतं, त्या वजनाला बाळ जगायची शाश्वती होती. तीच पोरं आता बुलेटवर बसून येतात आणि म्हणतात, “मी कुठं जाड आहे, बाई?”

जाड नाहीच. पोट आहे. म्हणून मी वजनकाट्याच्या भानगडीत पडत नाही, दोरी आणते. माणसाच्या उंचीएवढी दोरी तोडायची, तिची मधोमध घडी घालायची आणि ती अर्धी दोरी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, मध्ये फट राहिली, तर पोटावरची चरबी जास्त आहे. टेप असेल तर पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत हवा. पोट आत ओढून धरणारे बरेच भेटतात. त्यांना मी हसवते, म्हणजे पोट सुटतं, आणि मग मोजते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी काठावरचे असल्याचं आलं. मला त्यातले हे काठावरचे महत्त्वाचे वाटतात. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ च्या दरम्यान म्हणजे काठ, १२६ किंवा वर गेली आणि दुसऱ्यांदाही तशीच आली की मधुमेह. काठावरचा माणूस परत मागे येऊ शकतो. थोडं वजन उतरवलं, रोज अर्धा तास दम लागेल असं चालला, तर बऱ्याच जणांचा मधुमेह टळतो किंवा कैक वर्षं पुढे जातो. चालायला आमच्याकडे जागेची कमतरता नाही. इंदोरीपलीकडे भंडाऱ्याचा डोंगर आहे. तुकोबांच्या नावाने वर जा की रोज. गाडीरस्ता झाल्यापासून लोक मोटारीने वर जातात आणि दर्शन घेऊन मोटारीनेच खाली येतात.

भाताचं काय, हा प्रश्न मावळात हमखास येतो. ‘इंद्रायणी’ हा तांदूळ आमच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. शिजताना वास घरभर दरवळतो. कुणी डॉक्टर म्हणाले भात बंद, तर आमची माणसं डॉक्टर बदलतात. मी बंद करायला सांगत नाही. वाटी ठरवा. ताटात आधी उसळ, भाजी, काकडी-टोमॅटो येऊ द्या, ती खाऊन झाल्यावर भात, आणि तो डोंगरासारखा नको, एक मूद. एकादशीला तर गंमतच असते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात, संध्याकाळी बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे जुन्या माणसांनी उगाच नाही म्हटलं. उलट काही जण खरोखर निर्जळी करतात आणि शुगरची गोळी मात्र नेमाने घेतात. हे जास्त धोक्याचं. शुगर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, उपास नंतर. आणि उपास करायचाच असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवायचं.

आता बीपी. माझ्या मते या गावातलं सगळ्यात जास्त नुकसान बीपीने होतं, आणि तेही गोळी घेऊन. म्हणजे गोळी घेऊन सोडल्याने.

आमच्या भावकीतल्या एका अण्णांचं सांगते. बीपी १७० निघालं, गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी १३० आलं. अण्णा खूष झाले आणि गोळी बंद केली. “नॉर्मल झालं ना, मग कशाला रोज विष खायचं?” मी सांगितलं, अण्णा, ते गोळीमुळे नॉर्मल आहे. ते म्हणाले, सवय लागते गोळीची. पुढच्या भातकापणीत खळ्यावर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. पहिला वेळ गेला तो कुणी पाणी पाजण्यात, कुणी कांदा हुंगवण्यात, एकाने तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. रुग्णालयात पोचेपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली होती. अण्णा जगले. पण त्यांच्या सदऱ्याची बटणं अजून वहिनी लावतात.

गोळीची सवय लागत नाही. बीपी हा आजारच असा आहे की तो गोळीने काबूत राहतो, बहुतेकांचा बरा होत नाही. गोळी बदलायची, कमी करायची, तर ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. वरचा आकडा १० ने जरी खाली राहिला तरी अर्धांगवायूचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो. एवढा फायदा देणारी दुसरी स्वस्त गोष्ट मला माहीत नाही. सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात.

आणि वारं गेलंच, तर वेळ बघा. तोंड एका बाजूला झुकलं, एक हात वर उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक दिसलं की घड्याळात किती वाजले ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. मेंदूत रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात थेट न्यायचं. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालायचं नाही. गिळता येत नसतं, ते फुप्फुसात जातं.

बीपी मोजायचीही रीत आहे. धावत आलेल्या माणसाचं मी मोजत नाही. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. दंड उघडा, हात छातीच्या पातळीला टेकलेला. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. मोजताना बोलायचं नाही, हा नियम आमच्या बायांना जमतच नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टरकडे. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही, आणि एकदा कमी आलं म्हणून सुटलो असंही म्हणायचं नाही.

मिठाबद्दल मी भांडते. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सगळं आलं. भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, लोणच्यातलं, पापडातलं, सुकटीतलं, फरसाणातलं. घरात चार माणसं असतील आणि किलोची मिठाची पिशवी महिन्याच्या आधीच संपत असेल, तर हिशेब तुम्हीच करा, चार जणांचे दिवसाला वीस ग्रॅम म्हणजे महिन्याला सहाशे. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत मोडली तरी खूप.

मिश्रीचं तर काय सांगावं. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि दात घासायच्या नावाखाली सकाळ-दुपार-संध्याकाळ हिरड्यांवर फिरवायची. “मी तंबाखू खात नाही, मिश्री लावते,” असं बाई शपथेवर सांगते. ती तंबाखूच. तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच, आणि गरोदर बाईने लावली तर बाळाचं वजन घटतं. मघाशी ज्या कमी वजनाच्या बाळांची गोष्ट सांगितली, ती पुन्हा तिथूनच सुरू होते. सोडायला अवघड आहे हे मला मान्य आहे. एकदम सुटत नसेल तर दुपारची आधी सोडा. पण तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेना, जखम दोन-तीन आठवडे भरेना, तर मात्र वाट बघायची नाही.

शुगर जुनी झाली की ती पायात उतरते, हे मी वारीत पाहिलं. देहूची पालखी आमच्या हाकेच्या अंतरावरून निघते, त्यामुळे गावातून दरवर्षी माणसं जातात. पंढरपूरपर्यंत अडीच आठवड्यांहून जास्त चालायचं. एका वर्षी आमच्या आळीतल्या मावशी चपलेत घुसलेला खिळा घेऊन पुण्याहून लोणी काळभोरपर्यंत चालल्या. मुक्कामाला चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. त्यांना वाटलं विठ्ठलाने दुखू दिलं नाही. दुखलं नाही कारण शुगरने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. ती जखम भरायला दिवाळी उजाडली, अंगठा वाचला, हे नशीब. मधुमेहात पाय कापायची वेळ येते ती बहुतेक वेळा अशाच एका न दुखणाऱ्या जखमेपासून.

त्या वर्षापासून वारीला निघणाऱ्या शुगरवाल्यांची मी आधी परीक्षा घेते. यंत्र लागत नाही. डोळे मिटून पाय लांब करून बसायचं. दुसऱ्याने बोटाच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळला की ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर व्हायला लागलेत, डॉक्टरांना दाखवायचे. अशा माणसाने अनवाणी चालायचा नवस बोलू नये. मागे पट्टा असलेली मऊ तळाची सँडल, सुती मोजे, घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची. रात्री तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर आरशात, नाहीतर नातवाला बघायला लावायचे. पाय शेकायला गरम पाण्यात घालायचे नाहीत, बधिर पायाला चटका कळत नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. आणि हे वारीपुरतं नाही, लावणीच्या चिखलातही तेच. खाचरात काचा, काटे, सगळं असतं.

डोळे आणि मूत्रपिंडं यांचं थोडक्यात. दोन्ही बिघडतात ते न दुखता. मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे. लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा. आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज खाणं बंद. बीपी-शुगरवाल्याची मूत्रपिंडं त्या गोळ्या आणखी लवकर संपवतात. मधुमेह्याला क्षयरोगाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, म्हणून खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची.

पावसाळ्यात बीपी-शुगर बाजूला ठेवून आम्ही पिंपांमागे लागतो. खोल्या वाढल्या तशी पिंपं वाढली, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे कडा घासून काढायच्या. ताप आला तर पॅरासिटामॉल, दुसरी अंगदुखीची गोळी नाही. खरा धोका ताप उतरतानाच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, सुस्ती. तेव्हा पपईच्या पानाचा रस शोधत हिंडू नका, रुग्णालयात जा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, याला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीला आधी पाठवायचं. लोक वाटतील ते आकडे सांगतात. एका घरी सगळ्यांच्या कमरेचा घेर सारखाच लिहून घेतला होता, सुनेने सांगितला तसा. फॉर्म रेशनकार्डाचा नाही, खोटं लिहून धान्य वाढत नाही. टेप लावू द्या, आणि ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य तपासणी झाल्यावर बोला.

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल आणि वर्षभरात बीपी-शुगर बघितली नसेल, तर येत्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दोन्ही तिथे फुकट बघतात. सकाळी उपाशीपोटी जा. बीपीची गोळी चालू असेल तर ती घोटभर पाण्याबरोबर घेऊन जा, शुगरची गोळी मात्र तपासणी होऊन खाल्ल्यावर घ्या. आधीचे कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर ठेवा. घरातल्या ‘ह्यां’नाही न्या.